गरी, गाईड आणि गिऱ्हाईक

‘गाईड’ हा शब्द आपण विद्यार्थी कोणत्या अर्थाने वापरतो ते सांगायला नको. परीक्षा पंधरा दिवसांवर आली की पाठ्यपुस्तक फळीवर जाते आणि गाईड उशाशी येते. प्रश्न दिलेला, उत्तरही दिलेले; आपण फक्त घोकायचे! दुसरा गाईड इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. आर. के. नारायण यांच्या १९५८ च्या कादंबरीतला राजू. ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणणे या राजूच्या स्वभावातच नाही. प्रवाशाने काहीही विचारावे, त्याने काहीतरी उत्तर ठोकून द्यावे आणि प्रवाशाने खूश व्हावे, असा सगळा मामला.

मी ज्या गाईडविषयी लिहिणार आहे तो या दोघांच्याही कुळातला नव्हे. त्याच्या तोंडचे मुख्य वाक्यच मुळी ‘सांगता येत नाही’ हे असते. आणि गिऱ्हाईकाचे व त्याचे बिनसते ते नेमके या वाक्यावर.

मालवण, तारकर्ली, देवबाग या आमच्या पट्ट्यात अलीकडे एक नवा पाहुणा येऊ लागला आहे. किल्ला पाहणे किंवा समुद्रात डुंबणे हा त्याचा मुख्य हेतू नसतो. त्याच्याजवळ घडीची काठी असते, चकचकीत रीळ असते, डबाभर रंगीत प्लास्टिकचे मासे असतात, आणि त्याला गळाने मासा धरायचा असतो. विकण्यासाठी नव्हे, हौसेसाठी. त्याच्याजवळ सर्व काही असते. नसते ते एवढेच, की मासा कोठे आहे याची माहिती. मग तो किनाऱ्यावर एखादा होडीवाला गाठतो, आणि त्या क्षणापासून तो होडीवाला ‘फिशिंग गाईड’ होतो! माझे काका असेच चार-पाच वर्षांपूर्वी गाईड झाले. दिवाळी संपल्यापासून मेच्या मध्यापर्यंत आठवड्यातून एक-दोन खेपा ते अशा पाहुण्यांना घेऊन कर्लीच्या खाडीत किंवा खडपांच्या बाजूला जातात. सुटीत पुढच्या टोकाला बसून नांगर टाकण्याचे व इंग्रजी बोलणाऱ्या पाहुण्याचे म्हणणे मालवणीत सांगण्याचे काम माझ्याकडे असते. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा मला थोडाफार अधिकार आहे, असे समजण्यास हरकत नसावी.

गाईड ठरवताना माणसाने कशाची अपेक्षा धरावी? सरळ उत्तर असे, की माशाची धरू नये.

हे वाचून कोणी हसेल. हॉटेलात जाऊन जेवणाची अपेक्षा धरू नये असे सांगण्यासारखेच हे वाटेल. परंतु हॉटेलवाल्याच्या मालकीचे स्वयंपाकघर असते. होडीवाल्याच्या मालकीचा समुद्र नसतो. हेमिंग्वेची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ आपल्यापैकी अनेकांनी पु. ल. देशपांडे यांच्या ‘एका कोळियाने’ या अनुवादातून वाचली असेल. त्यातला म्हातारा आयुष्यभर समुद्रावर घालवलेला, कसबी. तरी कथा सुरू होते तेव्हा त्याला सलग चौऱ्याऐंशी दिवस मासा लागलेला नाही. आपण ते वाचून गहिवरतो, परीक्षेत त्याच्या धैर्यावर दोन पाने लिहितो, आणि प्रत्यक्षात चार तासांत मासा लागला नाही की होडीवाल्याला ‘तुम्हाला काही येत नाही’ म्हणून मोकळे होतो!

गेल्या हंगामात एका गृहस्थांनी तर ठरलेल्या पैशांतले निम्मे हातावर ठेवले व “मासा कुठे दिलास?” असे विचारले. काका म्हणाले, “माश्याक काय मी आवताण धाडूक नाय.” गृहस्थांना मालवणी कळले नाही. ते भाषांतर मला करावे लागणार होते. मी केले नाही. उरलेले पैसे मात्र मागून घेतले.

मग गाईड विकतो तरी काय? तो वेळ आणि जागा विकतो. ही गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो, कारण शहरातल्या माणसाला (आणि आपल्या वर्गातल्या अनेकांनाही) भरती-ओहोटी म्हणजे पाणी वर येते व खाली जाते, यापलीकडे काही ठाऊक नसते. आमच्याकडे भरतीचे गणित कॅलेंडरवरच्या तिथीवरून करतात. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. दिवसाही आणि रात्रीही. म्हणजे दर दिवशी भरती सुमारे पाऊण तास पुढे सरकते. जागेप्रमाणे यात मागेपुढे होते. खाडीत जसजसे आत जावे तसतसा उशीर होत जातो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी जोराने धावते आणि खाडी गढूळ होते. अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा पाणी मंद आणि त्या मानाने निवळ.

आता तांबोशी घ्या. हा मासा कांदळवनाच्या मुळांशी, बुडालेल्या खडकांशी दबा धरून राहणारा. भरतीला लहान मासळी कांदळवनात शिरते. ओहोटी लागली की पाणी उतरू लागते, लहान मासळीला नाइलाजाने बाहेर यावे लागते, आणि एखाद्या वहाळाच्या तोंडाशी तांबोशी तिची वाट पाहत असते. तेव्हा त्या तोंडाशी होडी अशी लावायची की सावली पाण्यावर पडू नये, नांगर आवाज न करता सोडायचा, आणि ओहोटीचा पहिला जोर येईपर्यंत थांबायचे. हा सारा खेळ तासा-दीड तासाचा असतो. पाहुणा जर ‘आम्ही नाश्ता करून दहा वाजता येतो’ म्हणाला, आणि त्या दिवशी ओहोटी पहाटे पाचला लागणार असेल, तर जगातली सर्वांत महाग काठी आणली तरी तिचा उपयोग ऊन मोजण्यापलीकडे होत नाही.

तेव्हा वेळ गाईडने ठरवावी, पाहुण्याने नव्हे. जो होडीवाला ‘या केव्हाही, मासा देतो’ म्हणतो तो राजू गाईडचा भाऊ समजावा. जो आधी ‘थांबा, तिथी बघतो’ म्हणतो त्याच्याबरोबर जावे.

व्यवहाराच्या काही गोष्टी होडीत बसण्यापूर्वीच बोलून घ्याव्यात. आमच्या माणसांना पैशाचे बोलणे जड जाते, पाहुण्यांना ते क्षुद्र वाटते, आणि परत आल्यावर दोघांचीही तोंडे वाकडी होतात. किती तास, आणि ते धक्क्यावरून निघाल्यापासून मोजायचे की गरी पाण्यात पडल्यापासून? इंधन धरून की वेगळे? आमिषाची कोळंबी कोण आणणार? काठ्या कोणाच्या? (आमच्याकडच्या पुष्कळ होडीवाल्यांजवळ काठी नसते. ते तंगूस नुसता हातात धरून बसतात आणि बोटाला कळते ते काठीला कळत नाही, असे सांगतात. पाहुण्याची काठी अडकून मोडली तर ती कोणी भरून द्यायची, हेही विचारून ठेवावे. यावरून झालेले भांडण मी पाहिले आहे.) हवा बिघडून मध्येच परत यावे लागले तर किती द्यायचे? आणि धरलेला मासा कोणाचा? या शेवटच्या प्रश्नावर एकाच होडीत चार मते असू शकतात.

एक प्रश्न मात्र पाहुणे कधीच विचारत नाहीत आणि तोच सर्वांत आधी विचारला पाहिजे. होडीत माणशी एक लाइफ जॅकेट आहे काय? मासेमारीसाठी होडीची नोंदणी असणे वेगळे, आणि माणसे नेण्याचा परवाना असणे वेगळे. हा दुसरा परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाचा. मे २०२२ मध्ये मालवणजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्यानंतर काही दिवस सर्वत्र जॅकेटे दिसली. आता पुन्हा ती फळीखाली उशीसारखी पडलेली दिसू लागली आहेत. यात होडीवाल्यांचाही दोष आहे, हे मी आमच्याच लोकांविरुद्ध लिहीत आहे. परंतु लिहिले पाहिजे. ‘आम्ही जन्मलो तेच पाण्यात’ ही बढाई आपल्यापुरती ठीक, पाहुणा पाण्यात जन्मलेला नसतो.

याच्याशीच जोडलेली गोष्ट म्हणजे नकार. गाईडने ‘आज नको’ म्हटले तर तो नकार ऐकून घेणे, हा मला सौद्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तेव्हाचा प्रश्न नाही. पण फेब्रुवारी-मार्चमध्येही दुपारचे वारे एकाएकी उठतात, खाडीच्या तोंडाशी ओहोटीचे पाणी आणि समोरून येणारी लाट एकमेकांना भिडतात, आणि किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला ते फक्त ‘थोडे पांढरे पाणी’ दिसते. पाहुण्याने रजा काढलेली असते, गाडीभाडे भरलेले असते. तो म्हणतो, थोडे जास्त घे, पण चल. घरात त्या दिवशी पैशाची निकड असते. अशा वेळी ‘नाही’ म्हणणारा माणूस पाहुण्याला आळशी वाटतो. वस्तुतः त्या दिवशी त्याने आपली सर्वांत मोठी कमाई पाहुण्याच्या पदरात टाकलेली असते, आणि त्याबद्दल त्याला एक रुपयाही मिळत नाही! माझे स्पष्ट मत आहे की हवेमुळे खेप रद्द झाली तर गाईडला काही ठरलेली रक्कम मिळालीच पाहिजे. डॉक्टरने ‘शस्त्रक्रिया करू नका’ असा सल्ला दिला म्हणून आपण त्याची फी बुडवत नाही.

आणखी एक गोष्ट, जी पैशात बसत नाही. माझे काका पन्नाशीचे आहेत. पंचविशीतला पाहुणा त्यांना पहिल्या वाक्यापासून ‘अरे, इकडे घे’, ‘ए गाईड’ असे म्हणतो. हाच पाहुणा बँकेतल्या कारकुनाला ‘अहो साहेब’ म्हणत असणार. मालवणीत आम्ही एकमेकांना एकेरीत बोलतो, त्यात गोडवा असतो. पण तो घरातला असतो. पैसे देऊन आलेल्या परक्याने ‘काका’ किंवा ‘तांडेल’ म्हटले तर होडीत त्याचे काय बिघडते? उलट मी असे पाहिले आहे की ‘काका’ म्हणणाऱ्याला दोन जागा जास्त दाखवल्या जातात. हा पक्षपात आहे, आणि मला तो मान्य आहे.

आता माशाच्या मालकीचा प्रश्न. नव्या पाहुण्यांपैकी अनेकजण मासा धरतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. काकांना प्रथम हा चक्क अन्नाचा अपमान वाटला. पोटाला नको तर गळ टाकायचा कशाला, हा त्यांचा प्रश्न मलाही अजून पूर्णपणे खोटा वाटत नाही. गरीच्या उलट्या काट्याने फाटलेले तोंड घेऊन गेलेला मासा जगतोच असे नाही. परंतु दुसरी बाजू मला पुस्तकांतून कळली, आणि ती आमच्या खाडीतली नसून कावेरीतली आहे.

कावेरी आणि तिच्या उपनद्यांत कुबड असलेला एक प्रचंड महसीर होतो. १९४६ साली काबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर गळाला लागला होता. पुढे कर्नाटकात भीमेश्वरी, गालिबोरे येथे गळाने महसीर धरून सोडून देण्याच्या छावण्या चालत. आसपासच्या गावांतली माणसे तेथे गाईड म्हणून नेमली जात. त्यांतले काहीजण पूर्वी हाच मासा चोरून मारणारे होते, असे सांगतात. आता त्यांची रोजी मासा जिवंत राहण्यावर अवलंबून झाली. धरलेल्या प्रत्येक माशाची नोंद होई. १९९८ ते २०१२ या वर्षांच्या अशा नोंदी अभ्यासकांनी पुढे तपासल्या, तेव्हा कुबडाचा महसीर झपाट्याने कमी होत चालला आहे आणि बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महसीर वाढत आहे, हे उघडकीस आले. या निळ्या परांच्या माशाचे मूळ आपल्या महाराष्ट्रात आहे! लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर महसीरची पैदास करण्यात आली आणि तेथली पिल्ले दूरदूरच्या नद्यांत सोडण्यात आली. हेतू चांगला होता. पण एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडणे म्हणजे पुस्तक एका कपाटातून दुसऱ्या कपाटात ठेवण्याइतके सोपे नसते. २०१८ मध्ये कुबडाच्या महसीरला त्याचे शास्त्रीय नाव निश्चित होऊन मिळाले, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला.

दरम्यान २०१२ मध्ये अभयारण्यातली ही गळाची मासेमारी थांबली. वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यात हौसेखातर प्राणी धरता येत नाही. कायद्याची ही बाजू समजण्यासारखी आहे. पण त्यामुळे नदीवर रात्रंदिवस असणारे डोळे गेले आणि वह्याही बंद पडल्या, अशी तक्रार गळवाल्यांनी केली, तीही मला समजण्यासारखी वाटते. मासा सोडणारा पाहुणा मूर्ख नसतो, एवढे यावरून मी काकांना पटवू शकलो. त्यांनी मला पटवले ते असे की पिल्ले आणि गाभोळी भरलेली मादी सोडायची, पण जेवणापुरता एक मासा ठेवायला कोणाच्या बापाची भीती नाही. आमच्या होडीत सध्या हाच कायदा आहे. पाहुण्याला तो आधी सांगितला जातो.

खऱ्या कायद्यांविषयीही गाईडला ठाऊक असले पाहिजे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे पाणी १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. गावात त्याविषयी फारसे बरे बोलले जात नाही, पण म्हणून ते नाहीसे होत नाही. समुद्री कासव किंवा करवत मासा जाळ्यात वा गळाला लागला तर तो सोडलाच पाहिजे. तेथे काकांचाही कायदा चालत नाही आणि पाहुण्याचा फोटोही थांबत नाही.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे सुटीत मी होडीत बसलो की शेजारीपाजारी म्हणतात, “शिकलंस मा, मगे होडयेत कित्याक?” आईलाही तसेच वाटते. येथे आपल्या महाविद्यालयात स्वयंरोजगारावर व्याख्याने होतात, पाहुणे वक्ते पर्यटनातल्या संधी सांगतात, टाळ्या पडतात. पण भांगाच्या दिवशी खाडीत मासा कोठे उभा राहतो हे ज्ञान आहे आणि ते शिकायला दहा वर्षे लागतात, असे कोणी म्हणताना मी ऐकले नाही. भूगोलाच्या तासाला उधाण व भांगाच्या आकृत्या आम्ही काढल्या. त्या वेळी तिथीची पाऊणपट करण्याची रीत मी सांगितली, तेव्हा सरांनी ती फळ्यावर लिहून घेतली व सबंध वर्गाला पडताळून पाहायला लावली, हे मात्र मला नमूद केले पाहिजे.

कावेरीच्या त्या वह्यांविषयी वाचल्यापासून मी एक दोनशे पानी वही घातली आहे. काकांना लिहिता येत नाही. ते सांगतात, मी लिहितो. तिथी, वेळ, जागा, पाण्याचा रंग, वारा, आमिष, काय लागले, किती सोडले. ज्या दिवशी मी नसतो त्या दिवसाचे ते लक्षात ठेवतात आणि शनिवारी एकदम सांगतात. पहिल्याच आठवड्यात मी रिकाम्या खेपा गाळून टाकू लागलो, तर त्यांनी हटकले. काही नाही लागले, तेही लिही म्हणाले. तेव्हा वहीत मार्गशीर्षातली ओळीने नऊ पाने ‘काही नाही’ अशी आहेत, आणि दहाव्या पानावर साडेतीन किलोची एक तांबोशी आहे. पाहुणे आले की आधी मोबाईलमधले मोठमोठ्या माशांचे फोटो दाखवा म्हणतात. पुढच्या हंगामापासून फोटोंच्या आधी ही वही पुढे करायची आणि ती पाहून झाल्यावर मगच दर सांगायचा, असे आम्ही ठरवले आहे.